पाणी सोडणं

आज रात्री पारा वीसवर, असं रेडिओ म्हणाला.
वीस म्हणजे झकासच की, बाबा म्हणाले.
मी म्हटलं, हे इथलं वीस. आपलं उणे सहा.
मग त्यांनी मफलर गुंडाळला, बॅटरी घेतली.
चल, तुझ्या गाडीचं पाणी काढू.

चौतीस वर्षं बाबांनी मलकापुरात पाणी सोडलं.
खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी,
आठव्या दिवशी, एका गल्लीला पाऊण तास.
आता डुलूथमध्ये माझ्या अंगणात
कॅम्परच्या पोटाखाली उताणे झोपून
ते एकेक बूच फिरवतात, लाल, मग निळं,
आणि जून-जुलैचं उरलेलं पाणी
गवतावर जाताना बघवत नाही त्यांना.
बादली आण, म्हणतात. दुसरी आण.
तिसरी नाहीये, बाबा.
मग पातेलं आण.

कुंपणापलीकडून ऐला हाकाला बघत होती.
या थंडीत तुझे वडील माझ्या झाडाला
पाणी का घालतायत, तिने विचारलं.
मला सोपं उत्तर सुचलं नाही.
ती म्हणाली, नळीच्या कोपरात चमचाभर जरी राहिलं
तरी फोडतं. माझं फुटलं होतं.
कोपर तीन डॉलरचं. फरशी अकराशेची.

हीटरचा बोल्ट सुटला
तसा पांढुरका चुना भळाभळा आला.
बाबांनी चिमटीत घेऊन बघितला, ओळखीचा असल्यासारखा.
आणि तिथेच, पाठ ओल्या गवतावर,
तोंड माझ्याकडे नाही, पाइपकडे, म्हणाले,
मी एकदा सस्पेंड झालो होतो.
कुंभारवाड्यात एक बाई अडली होती. घरात थेंब नव्हता.
रात्री जाऊन वीस मिनिटं सोडलं.
दोन महिने घरी. तुझ्या आईला सांगितलं, रजा साठलीये.
मी विचारलं, आणि ती बाई?
पाना दे, म्हणाले. बारा नंबरचा.

मग ते गुलाबी औषध.
पंपाने ओढलं, आधी जवळचा नळ, मग लांबचा,
गार, गरम, बेसिन, संडास.
प्रत्येक तोटी खोकते, थुंकते, हवा सोडते
आणि मग लग्नातल्या सरबताच्या रंगाची धार येते.
प्यायचं नाही ना, बाबांनी दोनदा विचारलं.
मी वहीतल्या यादीवर खुणा करत होते.
झालं, म्हटलं.

ते हलेनात.
पत्र्याला कान लावून गाडीभोवती फिरले,
पूर्वी मध्यरात्री रस्त्याला सळई टेकवून
गळती ऐकायचे, तसे.
मागच्या चाकाजवळ थांबले.
कुठेतरी पाणी मुरतंय गं तुझ्या गाडीत.

तिथे एक झाकण. आत बाहेरचा शॉवर,
चिखलाचे पाय धुवायचा, मी साफ विसरलेला.
तोटी उघडली.
आधी स्वच्छ पाणी आलं, ओंजळभर, उन्हाळ्यातलं,
मग फिकट, मग पुरतं गुलाबी.
ओंजळीतलं त्यांनी पातेल्यात ओतलं.

त्यांचा व्हिसा अकरा डिसेंबरपर्यंत.
जेवताना आम्ही त्याविषयी बोललो नाही.
सस्पेन्शनविषयीही नाही.
भाकरी थोडी जाड झाली होती, तेवढं ते बोलले.

सकाळी पायरीवर बादली तशीच होती.
वर सायीसारखा बर्फ, त्यात पाइनची एक सुई.
बाबा स्वेटरवरच बाहेर आले, उकिडवे बसले,
बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं,
मग कान नेला अगदी जवळ
आणि मला हातानंच, गप्प राहा.

खाली सुट्टं आहे अजून, म्हणाले.